६४ किलोमीटर, सहा दिवस : नॉर्थंबरलंडचा किनारा, भाड्याची गाडी आणि बाबांचं तिथीचं गणित

खाजणकाठ | शनिवार, रात्री १०:१५

आई-बाबा यंदा जूनमध्ये रेवदंड्याहून आमच्याकडे रेडिंगला आले. मागच्या खेपेला लंडन, बाथ, स्टोनहेंज असं सगळं चार दिवसांत उरकलं होतं. विमानतळावर निघताना बाबा म्हणाले होते, "बघितलं पुष्कळ, पण बसलो कुठेच नाही." ते माझ्या डोक्यात राहिलं होतं. म्हणून यंदा एकच किनारा धरला आणि तोही छोटा.

इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, स्कॉटलंड लागायच्या आधी, कोकेट नदीच्या मुखापासून बेरिकपर्यंत नॉर्थंबरलंडचा किनारा आहे. जेमतेम ६४ किलोमीटर. शेजारून ए १ हमरस्ता जातो, त्यावरून तासाभरात संपेल. आम्ही सहा दिवस लावले. नवरा रजा नसल्यामुळे घरी. मी ड्रायव्हर, बाबा (वय ७६) शेजारी, आई (७१) मागे डब्यांसकट.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून ट्रेनने न्यूकॅसल, साधारण तीन तास. तिथे छोटी ऑटोमॅटिक गाडी घेतली. पहिल्या दिवशी वॉर्कवर्थचा किल्ला बाहेरूनच पाहिला, कारण आईला भूक लागली होती. मग क्रास्टर नावाच्या कोळीवाड्याजवळ तीन रात्री घर भाड्याने घेतलं होतं, तिथे जाऊन आडवे झालो.

क्रास्टरचं बंदर आपल्या रेवदंड्याच्या धक्क्याएवढंही नाही. दोन दगडी बाहू आणि मधे चार होड्या. पाटी वाचली तर कळलं की गावच्या जमीनदार घराण्यातला एक कप्तान १९०४ साली ब्रिटिशांच्या तिबेट मोहिमेत मारला गेला, त्याच्या स्मरणार्थ घरच्यांनी १९०६ मध्ये हे बंदर बांधलं. हिंदुस्थानातून निघालेल्या फौजेतला माणूस ल्हासाच्या वाटेवर पडतो आणि त्याची आठवण इथल्या मासेमारांच्या होड्या सांभाळते. बाबा पाटीपुढे बराच वेळ उभे होते.

इथून डन्स्टनबरा किल्ल्याला रस्ताच नाही. गाडी क्रास्टरला ठेवायची आणि समुद्राच्या कडेने, मेंढ्यांच्या मधून, दोन किलोमीटर गवतातून चालत जायचं. लँकेस्टरच्या अर्ल थॉमसने १३१३ मध्ये बांधायला घेतला, राजाशी वैर होतंच, आणि १३२२ मध्ये त्याचं मुंडकं उडालं. आज दोन तुटके बुरूज उरलेत. आईने अर्ध्या वाटेवर बाकावर बैठक मारली, थर्मास उघडला आणि आम्हाला "जाऊन या" म्हणाली. परतल्यावर म्हणाली, "मला इथून तुमच्यापेक्षा चांगला दिसला." खरं असावं. त्या किल्ल्याची मजा तो हळूहळू मोठा होत जातो त्यात आहे.

बँबरा त्याच्या अगदी उलट. गाडी वळली की अख्खा खडक आणि त्यावर अख्खा किल्ला, नांदता. आत मी रमले नाही, चिलखतं आणि चिनी मातीची भांडी फार. मला आवडलं ते किल्ल्याखाली रस्त्यापलीकडचं ग्रेस डार्लिंगचं छोटं संग्रहालय. दीपगृह सांभाळणाऱ्याची ही २२ वर्षांची मुलगी. ७ सप्टेंबर १८३८ च्या पहाटे फोर्फरशायर नावाची आगबोट फार्न बेटांच्या खडकांवर फुटली. ग्रेस आणि तिचे वडील वल्ह्यांची होडी घेऊन त्या समुद्रात गेले. खडकावर नऊ जण जिवंत होते. त्यातली एकुलती एक बाई रात्रभर आपल्या दोन मेलेल्या लेकरांना घेऊन बसली होती. सगळे एका फेरीत मावणार नव्हते, म्हणून वडील दोन खलाशांना घेऊन पुन्हा गेले. ग्रेस रातोरात प्रसिद्ध झाली, लोक तिच्या केसांची बट मागायला लागले, आणि चार वर्षांत क्षयाने गेली. आईने बाहेर येऊन एवढंच विचारलं, "त्या बाईचं पुढे काय झालं?" संग्रहालयात तिच्याबद्दल फार काही नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. लिंडिसफार्न, म्हणजे होली आयलंड. दिवसातून दोनदा भरतीला बेट होतं, ओहोटीला जमिनीला जोडलेलं असतं. १९५४ पासून डांबरी रस्ता आहे, पण तो पाण्याखाली जातो, दर भरतीला पाचेक तास. काउंटी कौन्सिल रोजच्या सुरक्षित वेळांचा तक्ता छापतं.

आमचे बाबा रेवदंड्याचे. त्यांना तक्ता दाखवणं हा अपमान. कालनिर्णय आईच्या पर्समध्ये होतंच. "आज त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. पावणेदहाला पूर्ण भरती. तू दहाला रस्त्यावर गाडी घालतेयस!" तक्ता म्हणत होता, साडेअकरापर्यंत खुशाल जा. दहा वाजता पोचलो तर रस्ता कोरडा ठणठणीत, दोन्हीकडे वाळू आणि चिखल, लांबवर सील मासे पसरलेले. बाबा गप्प. पलीकडे पोचेपर्यंत अक्षर बोलले नाहीत. सव्वाच्या सुमारास पाणी पूर्ण चढलं तेव्हा घड्याळ बघून म्हणाले, "साडेतीन तास उशिरा चालतो यांचा समुद्र."

आम्ही रात्र बेटावरच काढली आणि हाच माझा एकमेव सल्ला आहे. रस्ता बंद व्हायच्या तासभर आधी बेटावरच्या गाड्या एकामागून एक निघतात. नंतर दीडशेएक माणसांचं गाव उरतं. संध्याकाळी पडक्या मठाच्या भिंतीशी आम्ही तिघं आणि एक मांजर. जूनमध्ये तिकडे दहा वाजेपर्यंत उजेड असतो. बाबा बसले. खूप वेळ बसले.

शेवटची रात्र बेरिक, मग न्यूकॅसलला गाडी परत. फोटो टाकायला जमलं की टाकते.

शनिवारपेठी | शनिवार, रात्री १०:५२

फोटोंशिवाय प्रवासवर्णन म्हणजे मिठाशिवाय पिठलं. तरी वाचलं, म्हणजे बघा.

एक प्रामाणिक प्रश्न : आयुष्य रेवदंड्याला काढलेल्या माणसाला सात समुद्रांपलीकडे नेऊन पुन्हा समुद्र, किल्ला आणि कोळीवाडाच दाखवलात? (हलके घ्या.)

खाजणकाठ | शनिवार, रात्री ११:०५

हो. आणि त्यांनाच सगळ्यात जास्त कळला. स्टोनहेंजला जांभया देत होते.

बांगडाफ्राय | रविवार, सकाळी ८:३०

ताई, क्रास्टरला तीन रात्री राहून किपर्सचा उल्लेख नाही? हा अक्षम्य गुन्हा आहे.

खाजणकाठ | रविवार, सकाळी ९:१०

आई वाचतेय म्हणून लिहिलं नव्हतं, ती शाकाहारी. बाबा आणि मी रोज खाल्ले. हेरिंग मासा पाठीतून चिरून उघडतात, मिठाच्या पाण्यात बुडवतात आणि ओकच्या भुशाच्या धुरात टांगतात, तासन् तास. धुराड्यांच्या खोल्या आतून डांबरासारख्या काळ्या झाल्यात. गल्लीत शिरलं की कपड्यांना वास. बाबांचं मत : "आपण उन्हात करतो ते हे धुरात करतात. ऊन नाही, काय करणार." लोणी लावून भाजलेला किपर आणि ब्राउन ब्रेड. आईने खिडक्या उघडून बाहेर खुर्ची टाकली होती.

दोन जोड्या पाकीटबंद घेऊन गाडीच्या डिकीत ठेवल्या, ही मात्र चूक. गाडी परत देताना काउंटरवरच्या मुलीने नाक उडवलं.

टायनकाठची | रविवार, सकाळी ११:४५

मी न्यूकॅसलला १४ वर्षं आहे. आमच्या भागाबद्दल मराठीत कुणी लिहिलं हेच अप्रूप. सगळे लेक डिस्ट्रिक्टला धावतात. थोडी भर घालते.

काकूंसारख्या शाकाहारी मंडळींनी इकडचं पीज पुडिंग नक्की खावं. पिवळ्या वाटाण्याची डाळ घट्ट शिजवून घोटलेली, म्हणजे बिनफोडणीचं गोळा वरणच. स्टॉटी नावाच्या चपट्या गोल पावात भरून देतात. पण विचारून घ्या, कारण परंपरेने ते डुकराच्या मांसाच्या पाण्यात शिजवतात. मी घरी करते आणि वरून लसणीची फोडणी देते. शेजारीण आता माझ्याकडूनच नेते.

ॲनिक, बेरिक वगैरे गावांत कौन्सिलचं पार्किंग बरंच फुकट आहे, पण काचेमागे पुठ्ठ्याचं घड्याळ लावावं लागतं. पोचल्याची वेळ फिरवून ठेवायची. दुकानात पाउंडभराला मिळतं. ते नसेल तर फुकटच्या जागेतही दंड होतो. किनाऱ्यावरच्या गावांत मात्र पैसे मोजावे लागतात.

ए १ बद्दल जपून. मॉर्पेथच्या उत्तरेला त्याचा बराच पट्टा अजून दुभाजकाशिवाय आहे. ट्रॅक्टरच्या मागे अडकलेले लोक वैतागून ओव्हरटेक करतात आणि तिथेच अपघात होतात. किनाऱ्याचे छोटे रस्तेच घ्या.

फार्न बेटांवर गेला नाहीत का?

खाजणकाठ | रविवार, दुपारी १:२०

गेलो ना! सीहाउसेसहून बोट. लिहायचं राहिलं, कारण त्या दोन तासांत मी फक्त बाबांची टोपी धरून होते. आर्क्टिक टर्न पक्ष्यांची पिल्लं वाटेच्या कडेलाच असतात आणि आया थेट डोक्यावर चोच मारतात. बोटवाल्याने आधीच सांगितलं होतं, टोपी घाला. आईने छत्री उघडली, तर छत्रीवर टकटक. पफिन मात्र गुणी. चोचीत आडवे मासे धरून यायचे आणि धपकन बिळात शिरायचे. जुलैअखेर ते समुद्रात निघून जातात, तेव्हा ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी आशा ठेवू नये.

गडकोट | रविवार, दुपारी ४:००

सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

बँबऱ्यात तुम्हाला चिनी मातीची भांडी दिसली, मला एक गंमत दिसली होती. गुलाबांच्या युद्धात (इंग्लंडच्या गादीसाठी दोन घराण्यांत झालेली यादवी), १४६४ साली, तोफांच्या माऱ्याने पडलेला इंग्लंडमधला पहिला किल्ला म्हणून बँबऱ्याचं नाव घेतात. ४३० वर्षांनी, १८९४ मध्ये, तो विकत घेतला विल्यम आर्मस्ट्राँगने. हा माणूस कोण? न्यूकॅसलचा तोफांचा कारखानदार! तोफांनी पाडलेला किल्ला तोफांच्या पैशांतून उभा राहिला. काम पुरं व्हायच्या आधीच, १९०० मध्ये, आर्मस्ट्राँग वारला. म्हणजे तुम्ही पाहिलेला 'प्राचीन' दरबार हॉल मुंबईच्या व्हीटी स्टेशनपेक्षा नवा आहे.

बेरिकला एका ओळीत गुंडाळल्याबद्दल निषेध. ते गाव १३ वेळा इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये इकडून तिकडे गेलं म्हणतात. १४८२ पासून इंग्लंडात आहे, पण त्यांचा फुटबॉल संघ अजूनही स्कॉटलंडच्या बाजूला खेळतो. बेळगावकरांना जास्त समजावून सांगायला नको. १५५८ पासून बांधलेली तटबंदी तर अभ्यासाचीच वस्तू. उंच भिंती तोफेपुढे टिकत नाहीत हे कळल्यावर इटालियन पद्धतीने बुटके, जाड, मातीने भरलेले, बाणाच्या टोकासारखे बुरूज बांधले. तटावरून गावाला पूर्ण फेरी मारता येते, दोनेक किलोमीटर. वरून ट्वीड नदीवरचे तीन पूल दिसतात. १६२४ चा दगडी, १८५० चा २८ कमानींचा रेल्वेचा आणि १९२८ चा काँक्रीटचा.

खाजणकाठ | रविवार, सायंकाळी ६:३५

निषेध मान्य. बेरिकला पोचलो तेव्हा पाऊस होता आणि आईने तटबंदीपेक्षा गरम पाण्याची पिशवी पसंत केली. तो रेल्वे पूल मात्र खोलीच्या खिडकीतून दिसत होता. बाबांनी कमानी मोजल्या. २७ भरल्या, पुन्हा मोजायला बसले.

भूस्तर | रविवार, रात्री ८:१०

गडकोट, किल्ल्यांच्या आधी खडकाबद्दल बोला! बँबरा, डन्स्टनबरा, लिंडिसफार्नचा किल्ला, फार्न बेटं हे सगळं एकाच दगडावर बसलंय. त्याला व्हिन सिल म्हणतात. साधारण २९.५ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीवर न येता खडकांच्या थरांमध्ये आडवा घुसला आणि तिथेच थिजला. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा हा चुलत पणजोबा. दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आणि तो वर येऊन पसरला, एवढा फरक. क्रास्टरच्या वाटेवर उभे खांबांसारखे तडे दिसले असतील, तसेच मुंबईत गिल्बर्ट हिलला आहेत. काकांना तो किनारा ओळखीचा वाटला असेल तर त्यात दगडाचाही हात आहे.

खाजणकाठ | रविवार, रात्री ८:४०

अय्या! डन्स्टनबऱ्याच्या वाटेवर बाबा म्हणाले होते, "दगड आपलाच आहे." मी म्हटलं, काहीही.

चहाचा_चोथा | सोमवार, सकाळी १०:०५

ऑक्टोबरमध्ये जायचा विचार आहे, नाशिकहून. भारतीय लायसन्सवर गाडी देतात का? आणि अरुंद रस्त्यांची धास्ती वाटते.

टायनकाठची | सोमवार, दुपारी १२:३०

पाहुणे म्हणून आलात तर भारतीय परवान्यावर १२ महिने चालवता येतं. लायसन्सवर इंग्रजी मजकूर असला की बरं पडतं. कंपनीच्या अटी मात्र आधी वाचा. डावीकडून चालवायचं, स्टिअरिंग उजवीकडे, सगळं आपल्यासारखंच. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्याकडे आधी घुसेल तो आधी जातो, तेवढं विसरा. हॉर्न वाजवायचा नाही. वाजवलात तर ती शिवी समजतात.

एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर ठरावीक अंतराने रुंद जागा असतात. समोरून गाडी आली की जी जवळ असेल तिने तिथे थांबायचं. समोरच्याने दिवे उघडझाप केले तर अर्थ "तुम्ही या". आपल्याकडे त्याचा अर्थ "मी येतोय, सर बाजूला" असा असतो, त्यामुळे हे नीट लक्षात ठेवा! जाताना हात वर करून आभार. आणि तुम्ही रमतगमत चालला असाल, मागे तीन गाड्या साचल्या, तर बाजूला थांबून त्यांना सोडा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पफिन नाहीत, पण फार्नवर करड्या सीलची पिल्लं जन्मतात. पांढरीशुभ्र.

सावकाशराव | सोमवार, दुपारी ३:१५

चोथासाहेब, गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांच्या रिम्ससकट. मी दोन वर्षांपूर्वी काढला नव्हता. परत देताना रिमवर नखाएवढा चरा निघाला आणि डिपॉझिटमधून एवढी रक्कम कापली की त्यात तिघांची फार्नची बोट झाली असती. चरा माझाच होता की आधीचा, हे मला आजही माहीत नाही. चिडायचं कुणावर?

अपघातात पहिली काही रक्कम आपल्यालाच भरावी लागते. तिचा विमा काउंटरवर न घेता आधीच वेगळा घेतला तर खूप स्वस्त पडतो.

शनिवारपेठी | सोमवार, सायंकाळी ५:००

बरं, मी विनोद केला होता, पण आता उत्सुकता लागली. लिंडिसफार्नवर पडका मठ, मांजर आणि उजेड एवढंच आहे का? ते व्हायकिंग प्रकरण तिथलंच ना?

गडकोट | सोमवार, सायंकाळी ७:२०

तिथलंच. राजा ऑस्वल्डच्या बोलावण्यावरून एडन नावाचा भिक्षू आयोना बेटावरून आला आणि ६३५ च्या सुमारास त्याने हा मठ स्थापला. ८ जून ७९३ ला व्हायकिंग उतरले आणि लुटालूट, कत्तल झाली. इकडे तेव्हा राष्ट्रकूटांचं राज्य होतं, वेरूळच्या कैलासाचं काम ज्यांनी करवलं ते.

पण लुटीपेक्षा मला तिथली पोथी मोठी वाटते. आठव्या शतकाच्या सुरुवातीला इडफ्रिथ या बिशपने वासराच्या कातड्यावर लॅटिनमध्ये लिहिलेली आणि रंगवलेली. पुढे दहाव्या शतकात ऑल्ड्रेड नावाच्या पुरोहिताने त्या देखण्या पानांच्या ओळींमध्ये बारीक अक्षरात तेव्हाच्या इंग्रजीत अर्थ लिहून ठेवला. बायबलमधल्या शुभवर्तमानांचं इंग्रजीतलं सर्वांत जुनं उपलब्ध भाषांतर ते हेच. एवढ्या सुंदर पोथीवर मधे मधे गिरगटायला माणसाची छाती पाहिजे. मूळ पोथी लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहे, बेटावर नक्कल.

खाजणकाठ | सोमवार, रात्री ९:००

आणि बेटाच्या टोकाला तो छोटा किल्ला. सोळाव्या शतकात मठाचेच दगड वापरून बांधलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका मासिकाच्या मालकाने सुट्टीचं घर म्हणून तो सजवून घेतला, आणि सजवणारा होता एडविन लट्येन्स, नवी दिल्लीवाला. बाबांनी दिल्लीत राष्ट्रपती भवन बाहेरून पाहिलंय. इथल्या ठेंगण्या खोल्या आणि वळणदार जिने बघून म्हणाले, "माणूस लहान घरात जास्त शहाणा होता." किल्ल्याखाली जुन्या होड्या उलट्या करून केलेल्या खोपट्या आहेत. मला तर त्याच सगळ्यात जास्त आवडल्या.

दर्याकाठी | सोमवार, रात्री ११:३०

भरतीबद्दल. काकांचं गणित चुकलेलं नाही. 'तिथीची पाऊणपट' हा मुंबई-कोकणचा ठोकताळा आहे, कारण आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येला पूर्ण भरती बाराच्या आसपास येते. प्रत्येक बंदराचा हा हिशोब वेगळा. नॉर्थ सीमध्ये भरतीची लाट स्कॉटलंडला वळसा घालून उत्तरेकडून येते आणि किनाऱ्याने खाली सरकते. आधी बेरिक, मग न्यूकॅसलच्या टाइन नदीचं मुख, मग आणखी दक्षिणेचं व्हिटबी. काकांनी फक्त साडेतीन तास मिळवायचे. रोज पाऊण तास पुढे सरकणं तर तिकडेही तेच असेल.

पण उधाणाला वारा समुद्राकडून असेल तर पाणी वेळेआधी चढतं. त्या रस्त्यावर दरवर्षी गाड्या बुडतात. खांबांवरची ती पांढरी खोली शोभेची नाही, अडकलेल्यांनी चढून बसायची आहे.

खाजणकाठ | मंगळवार, सकाळी ७:५०

बाबांना फोनवर वाचून दाखवलं. तीनदा वाचायला लावलं. "साडेतीन मिळवायचे, हे मी तिथेच म्हटलं होतं की नाही?" म्हटले होते.

चहाचा_चोथा | मंगळवार, सकाळी ९:४०

ठरलं मग. ऑक्टोबर, पाच दिवस, बेटावर एक रात्र. काका, कोजागरीच्या दिवशी बेटावर जायचं म्हणतोय. दुपारी दोनला रस्ता चालू असेल का?

खाजणकाठ | मंगळवार, दुपारी १:१५

बाबांचं उत्तर जसंच्या तसं : "पौर्णिमा म्हणजे बारा, अधिक साडेतीन. दोनला पाण्यात जाल. सकाळीच पलीकडे जा. आणि मसाला दूध थर्मासमध्ये घरूनच न्या, तिकडे आटवायला कोण बसलंय."

खाली आईने लिहायला सांगितलंय : कौन्सिलचा तक्ता बघा, यांचं ऐकू नका.